जुन्या रेसिंग डिंग्या आणि त्यांना जगवणारे ताफे

पाणकावळा (धागाकर्ता)

शिडाच्या छोट्या शर्यतीच्या होड्यांबद्दल, म्हणजे डिंग्यांबद्दल, इथे अधूनमधून बोलणं होतं. पण गाडी बहुतेक वेळा ऑलिंपिकमधल्या नव्या होड्यांवर नाहीतर पाण्याच्या वर उचलून पळणाऱ्या फॉइलिंग होड्यांवर जाते. मला बोलायचंय ते साठ, ऐंशी, शंभर वर्षांपूर्वी आखलेल्या आणि आजही दर आठवड्याला एकमेकींशी झुंजणाऱ्या डिंग्यांबद्दल.

सुरुवात डब्लिनच्या वॉटर वॅगपासून करतो. १८८७ च्या आधी शर्यतीची होडी म्हणजे काय होतं? ज्याच्याकडे पैसा तो दर हंगामाला नवी, आधीपेक्षा वेगवान होडी बांधून घ्यायचा. दोन वर्षांपूर्वीची चांगली धडधाकट होडी मागे पडायची आणि तिच्याबरोबर तिचा मालकही. थॉमस मिडलटन यांनी डब्लिनच्या उपसागरात प्रस्ताव मांडला की सगळ्यांच्या होड्या एकाच आराखड्याच्या असाव्यात, म्हणजे जिंकायचं ते हाताच्या आणि डोळ्यांच्या जोरावर. जगातला पहिला ‘वन-डिझाइन’ क्लास तो हाच मानला जातो. १९०० साली आराखडा बदलला. नवा आराखडा मेमी डॉइल या बाईंनी काढला. होड्या बांधणाऱ्या जेम्स डॉइल यांची ही मुलगी. लांबी १४ फूट ३ इंच, एकावर एक चढवलेल्या फळ्यांचं लाकडी अंग. आज डन लिअरी बंदरात बुधवारी संध्याकाळी जे वॉटर वॅग शर्यत करतात ते याच आराखड्याचे, आणि नवा वॅग बांधायचा झाला तरी लाकडातच बांधतात.

माझं म्हणणं असं की होडी जगते ती ताफ्यामुळे. एकटी जुनी डिंगी वॉर्निश मारून कितीही चकचकीत ठेवा, ती बघायची वस्तू राहते. तिच्यासारख्या आठ-दहा जणी त्याच संध्याकाळी, त्याच वाऱ्यात, सुरुवातीच्या रेषेवर नाळेला नाळ (म्हणजे होडीचं पुढचं टोक) लावून उभ्या राहिल्या की ती पुन्हा शर्यतीची होडी होते. म्हणून जतनाबद्दल बोलताना लाकूड आणि वॉर्निश यांच्याआधी ताफ्याबद्दल बोलायला हवं असं मला वाटतं.

तुमच्या आवडीचा जुना क्लास कोणता, आणि तो कशामुळे टिकलाय? लिहा.

निरभ्र

छान विषय. एक प्रामाणिक शंका. या होड्या आजच्या मानाने खूप हळू आहेत. शर्यत म्हटली की वेग हवा. निम्म्या वेगाने जाणाऱ्या होडीत बसून शर्यतीची मजा येते कशी?

गणिती

@निरभ्र, प्रश्न रास्त आहे. आधी हिशेब सांगतो.

पाणी कापत जाणारी कुठलीही होडी स्वतःच एक लाट तयार करते. वेग वाढेल तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की होडी स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते, आणि कितीही शीड भरलं तरी फारशी पुढे सरकत नाही. अंदाजे सूत्र सोपं आहे: पाण्यातल्या लांबीचं (फुटांत) वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा, म्हणजे नॉटमधला (ताशी सागरी मैल) वेग मिळतो. १२ फुटांना साधारण ४.६ नॉट, १६ फुटांना ५.४. ही भिंत ओलांडायची तर होडीने पाणी कापणं सोडून पाण्यावर चढून घसरत जायला हवं. यालाच प्लेनिंग म्हणतात. त्यासाठी वजन कमी आणि मागचा तळ सपाट हवा. अफा फॉक्स यांनी १९२८ साली ‘ॲव्हेंजर’ नावाची १४ फुटी डिंगी या कल्पनेवर बांधली आणि त्या हंगामात ५७ शर्यतींपैकी ५२ मध्ये पहिला नंबर काढला. त्यानंतर डिंगीचा आकार कायमचा बदलला.

आता मजेचा भाग. ज्या ताफ्यातल्या सगळ्याच होड्या त्या भिंतीपाशी अडकलेल्या असतात, तो ताफा विखुरत नाही. पहिली आणि दहावी यांच्यात काही होड्यांचंच अंतर राहतं. पहिल्या वळणाच्या बोयाशी, म्हणजे तरंगत्या खुणेशी, सगळ्या एकदम पोचतात. कोण उजव्या अंगाने वारा घेऊन येतंय, कोणाला वाट द्यायची, कोणाच्या शिडाच्या सावलीत आपला वारा मरणार, हे निर्णय क्षणाक्षणाला घ्यावे लागतात. वेगवान होड्यांमध्ये सुरुवात चुकली की पुढची शर्यत बऱ्याचदा एकट्यानेच करावी लागते. जुन्या, जड, सारख्या होड्यांमध्ये शेवटच्या टप्प्यापर्यंत चार जण जिंकू शकतात. घड्याळात वेग कमी दिसतो, पण डोक्याला उसंत नसते.

निरभ्र

हे पटलं. म्हणजे वेग शेजारच्या होडीच्या तुलनेत मोजायचा.

रंधा

लाकूडकामाच्या बाजूने थोडं लिहितो. थोडं म्हटलं तरी लांबेल.

जुन्या डिंग्यांचे ढोबळ तीन प्रकार हाताखालून जातात. पहिला क्लिंकर. प्रत्येक फळीची खालची कड आधीच्या फळीच्या वरच्या कडेवर चढवलेली, आणि तांब्याचे खिळे आतून तांब्याच्या चकतीवर ठोकून बसवलेले. आतल्या बरगड्या वाफेवर वाकवलेल्या. ही होडी कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी पाण्यात घातली की गळते, आणि बघणाऱ्याला वाटतं होडी संपली. तिला पाण्यात राहू द्यायचं. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. याच कारणासाठी क्लिंकरवर बाहेरून इपॉक्सी आणि फायबरग्लासचं कवच चढवू नये. फळ्यांना हलायचं असतं. कवच त्यांना हलू देत नाही, मग कुठेतरी फाटतं आणि त्या फटीतून शिरलेलं पाणी आत कोंडून राहतं. चांगल्या हेतूने केलेल्या या कामाने कित्येक होड्या आतून कुजलेल्या मी उघडून बघितल्या आहेत.

दुसरा प्रकार मोल्डेड प्लायवूड. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी लाकडाचे पातळ पापुद्रे गोंदाने एकमेकांवर तिरके चिकटवून, उष्णता आणि दाब देऊन एकसंध आकार काढायचं तंत्र विकसित झालं. युद्ध संपल्यावर फेअरी कंपनीने इंग्लंडमध्ये हॅम्बलला हेच तंत्र डिंग्यांकडे वळवलं. १९४६ ची फायरफ्लाय, आराखडा अफा फॉक्स यांचा, १२ फुटी. हिला बरगड्या जवळजवळ लागतच नाहीत. अंग हीच ताकद. हलकी, ताठ, आणि साच्यातून निघत असल्यामुळे सगळ्या खरोखर सारख्या. नीट सांभाळलेली त्या काळातली अंगं अजूनही ताठ आहेत. मला या प्रकाराबद्दल सगळ्यात जास्त आदर आहे.

तिसरा प्रकार सपाट प्लायवूडचे तक्ते कडेला जोडून केलेल्या, कोनदार तळाच्या होड्या. घरी बांधता येतील अशा. जॅक होल्ट यांची १९४९ ची जीपी १४, १९५६ ची एंटरप्राइज, आणि १९६२ ची मिरर, जी त्यांनी बॅरी बकनेल यांच्यासोबत केली. मिररचे तक्ते तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यावर काचेच्या कापडाची पट्टी रेझिनमध्ये बसवायची. सुतारकाम न येणाऱ्याच्या आवाक्यात होडी आली ती यामुळे. तिचा जोडणीचा संच एका इंग्रजी दैनिकाने खपवला आणि जगभरात ७०,००० पेक्षा जास्त मिरर तयार झाल्या. लाल शिडं ही तिची ओळख.

जुनी लाकडी डिंगी बघायला जाल तेव्हा वॉर्निशकडे नंतर बघा. आधी एक टोच घ्या आणि मालकाची परवानगी घेऊन या जागा हलकेच टोचून बघा: मागच्या फळीचे खालचे कोपरे, सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या) पेटीचा तळ, डोलकाठी जिथे टेकते ती बैठक, आणि नाळेजवळ डेकच्या खालची अंधारी जागा. टोच सहज आत गेला तर तिथे कुज आहे. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो, आणि तो पुरवतं ते बहुधा पावसाचं गोडं पाणी. खाऱ्या पाण्यात बुरशी तितकी वाढत नाही. म्हणून समुद्रावर वापरात असलेली होडी पुष्कळदा अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या होडीपेक्षा निरोगी निघते. ताडपत्री घालायची तर दोन्ही टोकांनी हवा खेळती ठेवा, आणि तळाचं बूच काढून ठेवा.

तुटलेल्या बरगडीला घाबरू नका. तिच्या शेजारी दुसरी वाकवून बसवता येते. सेंटरबोर्डच्या पेटीचं गळणं मात्र त्रासाचं. तिथे वेळ जातो.

मृद्गंध

रंधा, प्रतिसाद जपून ठेवला आहे. तुम्ही या विषयावर वेगळा धागा काढाच.

होकायंत्र

पाणकावळा यांच्या मूळ मुद्द्याशी मी ऐंशी टक्के सहमत. उरलेल्या वीस टक्क्यांबद्दल लिहितो.

ताफा होडीला जगवतो हे खरं, पण ताफ्याला जगवतो तो नियम. आणि नियमाबाबत जुन्या क्लासेसनी दोन अगदी वेगळ्या वाटा घेतल्या. वॉटर वॅगवाल्यांनी लाकूड सोडलं नाही. आयर्लंडमधलाच १९२२ चा शॅनन वन-डिझाइन, १८ फुटी, लॉक री आणि लॉक डर्ग या तलावांवरचा, तोही क्लिंकर लाकडातच राहिला. दुसरीकडे अमेरिकेतली स्नाइप बघा. विल्यम क्रॉस्बी यांनी १९३१ साली ‘द रडर’ मासिकात तिचे आराखडे छापले. लांबी १५ फूट ६ इंच, गाडीमागे ओढून नेता येईल अशी, तळ कोनदार, म्हणजे साध्या फळ्यांनी घरी बांधता येईल. पहिली स्नाइप बांधली ती मिसिसिपीतल्या १४ वर्षांच्या मुलाने. पुढे स्नाइपने प्लायवूड घेतलं, मग फायबरग्लास घेतलं, डोलकाठी ॲल्युमिनियमची झाली. पण बाह्याकार आणि किमान वजनाचा नियम धरून ठेवला; आज ते वजन १७२.८ किलो आहे. आज तिचे क्रमांक ३०,००० च्या पुढे आहेत आणि जागतिक स्पर्धा होतात.

आता सांगा, जुनी डिंगी खऱ्या अर्थाने कोणी जपली? लाकूड जपणाऱ्यांनी, की सामान बदलून शर्यत जपणाऱ्यांनी? माझं मत स्नाइपच्या बाजूने आहे. क्रॉस्बी यांना सर्वसामान्य माणसाला परवडेल, बांधता येईल अशी होडी द्यायची होती. लाकडाचा हट्ट धरला असता तर आज तिची तीच गोष्ट हरवली असती.

पाणकावळा

@होकायंत्र, वीस टक्के चांगले मांडलेत. पण फरक आकाराचा आहे. स्नाइप देशोदेशी पसरली. तिला अशा सामानाची गरज होती जे कुठेही मिळेल आणि कुठेही सारखंच निघेल. वॅगचा सगळा संसार एका बंदरात. तिथे बांधणारे माहितीचे, दुरुस्त करणारे माहितीचे, आणि प्रत्येक होडीचा इतिहास सगळ्यांना पाठ. एका बंदरापुरत्या ताफ्याला लाकूड पेलतं. मोठ्या ताफ्याला पेलत नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत असं मला वाटतं.

रंधा

एक पुस्ती. किमान वजनाचा नियम हा जुन्या होडीचा सगळ्यात मोठा आधार आहे. लाकूड वर्षानुवर्षं पाणी धरतं, रंगाचे थर चढतात, होडी जड होते. नवी फायबरग्लासची होडी नियम नसता तर तिच्यापेक्षा कितीतरी हलकी करता आली असती. किमान वजन पुरेसं वर ठेवलं की नव्या होडीला शिशाची वजनं लावावी लागतात, आणि नीट वाळवलेली जुनी तिच्या बरोबरीने उभी राहते. हा आकडा ठरवणाऱ्या समितीच्या हातात जुन्या होड्यांचं आयुष्य असतं.

अवखळ

मी १२ फुटी डिंगीवर जीव टाकतो. जॉर्ज कॉकशॉट यांचा १९१३ चा आराखडा. एकच शीड, तेही आखूड डोलकाठीवर तिरक्या काठीने टांगलेलं, त्यामुळे सगळी काठ्या-शिडं होडीच्या आतच मावतात. ऑलिंपिकमध्ये ही दोनदा होती, १९२० आणि १९२८ साली. १९२० चा किस्सा मला फार आवडतो. या गटात दोनच होड्या आल्या, दोन्ही डच. शर्यती बेल्जियममध्ये ओस्टेंडला सुरू झाल्या, तिथे पूर्ण होऊ शकल्या नाहीत. मग दोन्ही स्पर्धक एकाच देशाचे म्हणून उरलेल्या शर्यती नेदरलंडमध्ये घेतल्या.

त्याच नेदरलंडमध्ये आजही हिचा भरभक्कम ताफा आहे, इटलीतही आहे. ऑलिंपिकने सोडल्याला शतक होत आलं तरी या होडीचं काही बिघडलं नाही. उलट ऑलिंपिकच्या दर्जावर उभे राहिलेले कित्येक क्लास तो दर्जा गेल्यावर कोसळले. ज्यांना घरचं पाणी होतं ते राहिले. १२ चौरस मीटर शार्पीचं बघा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकनंतर तिला वगळलं, तरी जर्मनी, नेदरलंड आणि इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावर तिचे लोक तिला घेऊन आजही पाण्यावर जातात.

लाटेवर

मी स्वतः एका छोट्या ताफ्यात आहे, म्हणून आतून काय चालतं ते सांगते. ताफा टिकवणं हे सगळं किनाऱ्यावरचं काम आहे.

आमच्याकडे एक होडी कोणाच्याच मालकीची नाही. ती ताफ्याची. शिडं जुनी पण धड, दोर तपासलेले, कायम तयार. कोणी नवखा किनाऱ्यावर येऊन दोनदा विचारपूस करताना दिसला की त्याला त्या होडीत, अनुभवी माणसाबरोबर पुढच्या जागी बसवायचं. त्याच्याकडून काही भरून घ्यायचं नाही, काही विकायचं नाही. पुढच्या आठवड्यात तो आपणहून येतो. काही महिन्यांनी सुकाणू त्याच्या हातात द्यायचं. ताफ्यातली कुठलीही होडी विकायला निघाली की बाहेर जाहिरात देण्याआधी अशाच माणसाला विचारायचं. होडी ताफ्यातच राहते.

दुसरं, दिवस आणि वेळ बदलायची नाही. ठरलेल्या संध्याकाळी ठरलेल्या वेळी पहिला संकेत होणार म्हणजे होणार, तीन होड्या असल्या तरी. लोकांना एकदा ‘आज आहे का?’ असं विचारावं लागलं की गळती सुरू होते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जिंकणाऱ्याने लपवायचं नाही. शर्यत संपल्यावर जो पहिला आला तो डोलकाठी किती मागे झुकवली होती, शिडाचा खालचा काठ किती ताणला होता, सेंटरबोर्ड किती वर घेतला होता, सगळं सांगतो. कोणीही येऊन त्याच्या दोरांवरच्या खुणा मोजून घ्यावं. मागची माणसं जवळ आली की पुढच्यालाही शर्यत मिळते. एकच होडी दर वेळी मैलभर पुढे असेल तर मागचे चार जण पुढच्या हंगामात दिसत नाहीत.

फायरफ्लायबद्दल रंधादादांनी लिहिलंच आहे. ती टिकण्याचं आणखी एक कारण म्हणजे सांघिक शर्यत. ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी आणि क्लबांनी ती या प्रकारासाठी उचलली. वेस्ट कर्बीची विल्सन ट्रॉफी फायरफ्लायमध्येच होते. तीन विरुद्ध तीन होड्या. पहिल्याला एक गुण, सहाव्याला सहा, एकूण २१. ज्या संघाची बेरीज १० किंवा कमी तो जिंकला. त्यामुळे पुढे असलेला माणूस मुद्दाम मागे येऊन प्रतिस्पर्ध्याचा वारा अडवतो, म्हणजे आपला सोबती पुढे निघेल. यासाठी चपळ वळणारी, सगळ्यांची सारखी आणि थोडा धक्का सोसणारी होडी हवी. वेग दुय्यम. आखली त्याहून वेगळ्या कामात या होडीने आपली जागा शोधली.

आणि १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने चालवायच्या गटात फायरफ्लाय होती. डेन्मार्कचा २० वर्षांचा पॉल एल्व्हस्ट्रोम पहिली शर्यत अर्धवट सोडून परतला आणि शेवटी सुवर्णपदक घेऊन गेला. त्यानंतरच्या तिन्ही ऑलिंपिकमध्येही त्याने सुवर्ण जिंकलं, ते फिन या होडीत.

निरभ्र

सांघिक शर्यतीचं गणित पहिल्यांदाच कळलं. एक, चार, पाच आले तर जिंकले आणि दोन, चार, पाच आले तर हरले. म्हणजे एका जागेसाठी सहाही जण शेवटपर्यंत अडकलेले.

लाटेवर

बरोबर. आणि मागची जोडीच बऱ्याचदा निकाल लावते.

दीपस्तंभ

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं, पण दुसरी बाजूही लिहायला हवी. मी एक ताफा संपताना बघितलाय. क्लासचं किंवा जागेचं नाव घेत नाही. होड्या उत्तम होत्या, नियमही चांगले. पण मोजमाप करणारा, फळ्या बदलणारा, निकाल लावणारा आणि चहूकडे फोन करणारा माणूस एकच होता. त्याची तब्येत बिघडली, दोन हंगाम तो आला नाही, आणि तेवढ्यात ताफा विरला. होड्या अजून आहेत. वेगवेगळ्या शेडमध्ये, डोलकाठ्या काढून ठेवलेल्या. मालकांना विकवत नाही आणि चालवायला दुसरं कोणी नाही.

म्हणून मला ‘जुन्या होड्या जगवायच्या’ या बोलण्याची थोडी धास्ती वाटते. होडीवरच्या प्रेमाने माणसं येतात, पण कामाची वाटणी केली नाही तर तेच प्रेम एका माणसाच्या खांद्यावर बसतं.

शिवाय सुरक्षितता. फार जुन्या आराखड्यांत हवाबंद टाक्या नाहीत. होडी उलटली की काठोकाठ भरते आणि तिथेच शर्यत संपते. सोबत सुटकेची होडी नसेल तर गोष्ट गंभीर. नव्या माणसाला हे आधी सांगायला हवं.

लाटेवर

@दीपस्तंभ, तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडेही मोजमापाचे साचे एकाच घरात आहेत. हे मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. आराखडे, साचे, कोणत्या क्रमांकाची होडी कुठे आहे याची वही, या तीनही गोष्टी तीन माणसांकडे हव्यात.

सुरक्षिततेबद्दल पूर्ण सहमत. आम्ही बैठकीच्या फळ्यांखाली हवेच्या पिशव्या बांधतो, रुंद पट्ट्यांनी, कारण भरलेल्या होडीत पिशवी केवढ्या जोराने वर यायला बघते ते एकदा बघितलं की बारीक दोरीवर विश्वास बसत नाही. दर हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक होडी उथळ पाण्यात मुद्दाम भरून तरंगते का ते तपासतो. जाकीट घातल्याशिवाय कोणीही रेषेवर नाही. पिशव्या बांधल्याने जुनी होडी कमी अस्सल होते असं कोणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही.

गणिती

ताफा विरलेल्या होड्यांसाठी एक वाट आहे, अपुरी असली तरी. वेगवेगळ्या क्लासच्या होड्या एकत्र शर्यत करू शकतात, वेळेच्या गुणकावर. ब्रिटनमध्ये पोर्ट्समथ यार्डस्टिक ही पद्धत आहे: लागलेल्या वेळेला १००० ने गुणायचं आणि त्या क्लासच्या क्रमांकाने भागायचं. वेगवान होडीचा क्रमांक लहान, हळू होडीचा मोठा. तिथेच क्लासिक अँड व्हिंटेज रेसिंग डिंगी असोसिएशन आहे, जी ताफा नसलेल्या जुन्या डिंग्यांना अशा प्रकारे एकत्र आणते. विशेषतः इंटरनॅशनल १४, नॅशनल १२, मर्लिन रॉकेट अशा क्लासच्या जुन्या होड्यांना याचा उपयोग होतो. या क्लासमध्ये आराखडा गोठवलेला नसतो, मर्यादेत राहून बदलत जातो, म्हणून पन्नास वर्षांपूर्वीची मर्लिन आजच्या मर्लिनपुढे टिकूच शकत नाही.

होकायंत्र

आणि तरी जुन्या मर्लिनचं अंग बघितलं की वाटतं, जपायला हवी ती हीच. गोठवलेल्या आराखड्यात दर वर्षीची होडी सारखीच असते. बदलत्या क्लासमधली प्रत्येक जुनी होडी म्हणजे त्या वर्षी कोणाला काय सुचलं होतं त्याचा पुरावा. तिथे मला ताफ्याइतकंच लाकूडही महत्त्वाचं वाटतं. इथे पाणकावळा यांचा सिद्धांत अपुरा पडतो.

पाणकावळा

मान्य. तिथे अपुरा पडतो. वेळेच्या गुणकावर शर्यत केली की निकाल घरी बसून कळतो, शेजारच्या होडीकडे बघून कळत नाही. पण पाण्यावर न जाण्यापेक्षा ते हजार पटीने बरं. अशा होड्या पाण्यावर उतरवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

मृद्गंध

माझा प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. माझी मुलगी १५ वर्षांची, एकट्याने चालवायच्या छोट्या होडीत शिकली, आता तिला जुनी दोघांची लाकडी डिंगी हवी आहे. एका शेडमध्ये एक मिळतेय, रंधा यांनी सांगितलेल्या जागा टोचून बघितल्या, लाकूड ठणठणीत आहे. पण त्या क्लासच्या दुसऱ्या होड्या जवळपास नाहीत. घ्यावी का?

रंधा

लाकूड ठणठणीत असेल तर मला मोह होईल. पण पाणकावळा काय म्हणतात ते आधी ऐका.

पाणकावळा

मृद्गंधताई, माझं उत्तर: अजून थांबा. आधी मुलीला एखाद्या जिवंत ताफ्यात क्रू म्हणून जाऊ द्या, क्लास कुठलाही असो. लाइटनिंगला तर तीन माणसं लागतात, १९३८ ची स्पार्कमन अँड स्टीफन्सची १९ फुटी होडी, तिथे क्रूची नेहमीच गरज असते. एक हंगाम दुसऱ्याच्या होडीत जिब (पुढचं छोटं शीड) सांभाळत काढला की तिला कळेल, तिला जुनं लाकूड आवडतंय की जवळजवळ असलेल्या होड्यांची ती दाटी. दोन्ही आवडणं चांगलंच, पण कोणतं जास्त हे होडी घेण्याआधी कळलेलं बरं.

आणि ती शेडमधलीच हवी असं ठरलं, तर एकटी घेऊ नका. त्याच क्लासच्या आणखी दोन मालकांना शोधा. दीपस्तंभ म्हणाले तशा होड्या शेडमध्ये असतातच, मालकांना विकवत नसते पण कोणी बोलावलं तर ते येतात. तीन होड्या झाल्या की शर्यत होते.

दीपस्तंभ

यावर मी कालपासून विचार करतोय. आमच्या त्या विरलेल्या ताफ्यातल्या दोन मालकांना आज फोन केला. एकाची डोलकाठी ठीक आहे, शिडं मात्र कापडासकट गेली आहेत. दुसऱ्याला मुद्दाम बोलावायला जावं लागेल, पण नाही म्हणाला नाही.

लाटेवर

@दीपस्तंभ, @मृद्गंध, दोघांनाही एकच: आधी शिडं कोण शिवून देईल ते शोधा. अंग वर्षानुवर्षं टिकतं, शिडं नाही. क्लासच्या मोजमापाचा कागद असेल तर कुठलाही चांगला शीड शिवणारा ते करून देतो, आणि तीन जोड एकदम सांगितले तर तिन्ही एकाच कापडाच्या, एकाच आकाराच्या निघतात. मोजमापाचा कागद हरवला असेल तर जुनं शीड टाकू नका, कितीही फाटलेलं असो. जमिनीवर सपाट अंथरून त्याच्या तिन्ही कडा आणि मधली गोलाई मोजून घ्या. आमच्याकडची दोन शिडं तशीच करून घेतली होती.